आईजवळ उरलेला एक शब्द

ज्या माणसाने आयुष्यभर मुलांची वाक्ये तांबड्या शाईने सुधारली, त्याने पन्नाशीच्या घरात येऊन स्वतःची वाक्ये छापावयास द्यावीत हे शोभत नाही, याची जाणीव ठेवूनच मी हे लिहावयास बसलो आहे. आमच्या मंडळीचे पाळकसाहेब पुष्कळ दिवसांपासून मजकडे हा अनुभव लिहून मागत होते आणि मी काही ना काही सबब सांगून तो टाळीत होतो. साक्षीच्या सभेत उभे राहून बोलण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही. मागच्या बाकावर बसून इतरांच्या साक्षी ऐकाव्यात आणि गीत सुरू झाले की हलक्या आवाजात सूर मिळवावा, एवढीच माझी धाव. लेखनाची सवय नसलेल्या या हातून काही कमीजास्त झाल्यास वाचकांनी ते उदार मनाने पदरात घ्यावे.

मी बारामतीत मिशनच्या शाळेत शिक्षक आहे. ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी मी फार थकलो होतो. दुखणे म्हणावे असे काही नव्हते. शाळेच्या आरंभी रोज प्रार्थना करण्याचे काम माझ्याकडे असे, आणि ती मी इतकी वर्षे करीत आलो होतो की तोंड आपले काम करीत राही आणि मन आज फळ्यावर काय लिहावयाचे याचा विचार करी. देवाने केवळ बोलून सृष्टी उत्पन्न केली, प्रभूने एका शब्दाने वादळ शांत केले, मुक्याची जीभ मोकळी केली, हे सारे मी मुलांना दरसाल त्याच त्या क्रमाने शिकवीत असे. शिकविताना एखादे वेळी मनात येई, की माझ्या शब्दाने वर्गाच्या खिडकीतला कावळासुद्धा उडत नाही. हे पाप म्हणावे की नुसता शिणवटा, हे ठरविण्याइतकेही बळ माझ्यात नव्हते.

माझा जन्म निमगाव केतकीच्या एका पानमळेकरी कुटुंबातला. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, मळा सांभाळला, आणि मला अक्षरांची आवड दिसली म्हणून आईने मला बारामतीच्या मिशन शाळेच्या वसतिगृहात ठेवले. तेथे शिकता शिकता मला ख्रिस्ताची ओळख झाली, आणि तरुणपणी मी पूर्ण विचारांती बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आईला परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून मी स्वतः सांगावयास घरी गेलो. आई तेव्हा उंबऱ्यात उभी होती. तिने आकांत केला नाही, की मला शिवी दिली नाही. माझे बोलणे संपेपर्यंत ती ऐकत राहिली, आणि मग उजव्या हाताच्या चिमटीत स्वतःच्या गळ्याची कातडी धरून म्हणाली, “माझ्या गळ्याची आन हाय तुला. मी सांगंपतूर ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाय.”

गळ्याची आण घालताना आमच्याकडे गळा असा चिमटीत धरतात. जो ती आण मोडील त्याचे काही होत नाही. जिने घातली तिच्याच गळ्याचे, म्हणजे तिच्या जिवाचे, बरेवाईट होते, अशी समजूत आहे. आमच्या धर्मात शपथेला थारा नाही, आणि असल्या समजुतींना भिऊ नये असे मी पुढे कितीतरी मुलांना शिकविले. तरीही त्या दिवसापासून माझे पाऊल त्या उंबऱ्यावरून आत गेले नाही.

वर्षातून एकदोनदा मात्र मी निमगावला जाऊन ओट्यावर बसत असे. आई बाहेर येत नसे, आतून बोलतही नसे. पण थोड्या वेळाने वहिनी भाकरी घेऊन बाहेर येई, आणि त्या भाकरीवर ठेवलेला लोण्याचा गोळा वहिनीच्या हातचा नाही, हे मला बोटांच्या खुणांवरून ओळखू येई. मी भाकरी खात असे, “येतो,” असे भिंतीला उद्देशून म्हणत असे आणि परत फिरत असे. अशी कितीतरी वर्षे गेली. एकदा धीर करून मी दारातूनच म्हणालो होतो, “आय, आता तरी सोडव.” आतल्या जात्याची घरघर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्यानंतर मी विचारले नाही.

उन्हाळा नुकताच लागला होता. निमगावचा एक माणूस पानांच्या करंड्या बारामतीच्या स्टेशनवर चढवावयास आला होता, तो वाट वाकडी करून माझ्याकडे आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “मास्तर, तुमच्या आयच्या अंगावरनं वारं गेलं. उजवं अंग गेलंय. वाचा बी गेली.” मी शाळेत सांगितले आणि सर्व्हिस मोटार धरली. अंथुर्ण्यापाशी मोटारीच्या पाण्याच्या टाकीतून वाफ निघू लागली. ड्रायव्हरने उतरून टोपणाकडे पाहिले आणि तो बाभळीखाली जाऊन निजला. मी पायी निघालो.

त्या वाटेवर प्रार्थना करावी असे मी पुष्कळदा मनात आणले. माझ्याजवळ प्रार्थना पुष्कळ होत्या. दुखणाइतांसाठी होत्या, प्रवाशांसाठी होत्या, मृत्युशय्येजवळ म्हणावयाच्याही होत्या. मी एकेक आरंभीत असे आणि दुसऱ्या वाक्याशी माझेच शब्द मला ऐकवेनासे होत. ऊन डोक्यावर होते, दोन्ही बाजूंना उसाचे फड उभे होते, आणि पायाखालचा फुफाटा चालत्या माणसाला मागे ओढीत होता. एकच गोष्ट राहून राहून मनात येई. आण जिने घातली तिनेच ती सोडवावयाची असते. आणि तिची तर वाचा गेली होती. ती जर अशीच गेली, तर मी जन्मभर त्या उंबऱ्याबाहेर राहिलो. मातीला गेलेल्या माणसाचा शब्द कोण परत घेणार?

घरी पोहोचलो तेव्हा दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. पुष्कळ दिवसांत झोप न मिळालेल्या माणसाचे डोळे जसे असतात, तसे त्याचे डोळे झाले होते.

“आलास?” तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “खरं सांग. मधी कवा मागल्या दारानं आत आला व्हतास का?”

“नाही, दादा.”

“मग आयचा गळाच कसा गेला? समदं गाव म्हनतंय, धाकट्यानं आन मोडली.”

“मी उंबऱ्याला बोटसुद्धा लावलेले नाही.”

“घे शपथ.”

मी अडलो. शपथ घेतली असती तर दादाचे समाधान झाले असते, हे मला दिसत होते. “आम्ही शपथ घेत नाही, दादा,” मी म्हणालो. “नाही म्हणजे नाही.”

दादा हसला. त्या हसण्यात जोर नव्हता. “वा रं मास्तर! सोता शपथ घ्यायची न्हाय, आनि आयच्या शपथंपायी उनात भाईर बसायचं. ह्यो कंचा धरम म्हनायचा?”

मी आत गेल्याने आईचा प्राण जाईल असे मी मानीत नव्हतो. पण ती मानीत होती. माझे पाऊल आत पडलेले पाहून, आपल्याच मुलाने आपला गळा तुडविला असे तिला शेवटच्या घटकेस वाटावे, हे माझ्याने होणार नव्हते. शब्द तिचा होता. तो मोडून आत जाणे म्हणजे तिला ओलांडून आत जाणे झाले असते.

दादाने मग सांगितले, की वाचा सगळी गेली नाही. “येक शबूद ऱ्हायलाय. सकाळधरनं ‘सुटली, सुटली’ चालू आसतं. पाळीचं, दुसरं काय! जलमभर पान्याचा घोर, तोच तोंडात अडकून बसला.”

आमच्याकडे नीरेच्या कालव्याचे पाणी ठरलेल्या पाळीने मिळते. फाट्याला पाणी आले, की या मळ्यातून त्या मळ्यात “पाळी सुटली!” अशी हाकाटी होते, आणि माणसे ताटावरून उठून फावडी घेऊन धावतात. नागवेलीला पाणी चुकले की वर्षांची मेहनत पिवळी पडते. आईने उभा जन्म ही हाक ऐकण्यात घालविला होता. त्यामुळे दादाचे म्हणणे मला इतके खरे वाटले, की त्याविषयी विचार करण्याचेही कारण दिसले नाही. तो शब्द मी कानांनी ऐकण्याच्या आधीच त्याचा अर्थ मला कळलेला होता.

“तू आल्याचं तिला सांगायचं न्हाय,” दादा म्हणाला. “तुझं नाव काडलं आनि जिवाचं काय झालं म्हंजी? आनि आन सोडवाया आला आसशील, तर आता कोन सोडवनार बाबा?”

मी ओट्याच्या कडेला पथारी टाकली. आईची बाज दाराच्या आत, भिंतीला लागून होती. मला ती दिसत नव्हती, पण मधे फक्त एक मातीची भिंत असल्याने सारे ऐकू येई. वहिनी सकाळी पाने खुडावयास मळ्यात जाई आणि दादा आईपाशी बसे. थोड्या थोड्या वेळाने आतून तो शब्द येई. तो आवाज आईचा आहे हे ओळखावयास मला वेळ लागला. जिभेवर दगड ठेवून बोलावे तसा तो होता. “सुटली.” आणि दरवेळी दादा, कधी समजावून तर कधी कंटाळून, उत्तर देई, “न्हाय सुटली, आय. अजून दिस हायती. न्हाय सुटली.” मग आई रडू लागे. दादा बाहेर येऊन माझ्याजवळ बसे आणि म्हणे, “येवड्या पान्यापायी रडती, बग.”

तेथे बसून मी काय केले असे कोणी विचारल्यास, काहीच केले नाही असे सांगावे लागेल. शुश्रूषा दादा आणि वहिनी करीत होती. माझ्या हातून आईला पाण्याचा थेंब पाजला जाणार नव्हता, पाय चेपता येणार नव्हते, आणि शास्त्रातील एखादे सांत्वनाचे वचन वाचून दाखवावे तर माझा आवाज तिच्या कानावर पडू द्यावयाचा नव्हता. इतका निरुपयोगी मी कधीच नव्हतो. एका दुपारी मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, “प्रभू, मला बोलता येत नाही.” पुढे काही सुचले नाही. भिंतीच्या आत ती मुकी होती आणि बाहेर मी. कितीतरी काळानंतर मी देवाशी खरे बोललो होतो, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. मी आपला कूस बदलून पडून राहिलो.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळचे ऊन ओट्यावर चढत असता, कालव्याचा नवा पाटकरी बांधावरून येताना दिसला. फाट्यांची दारे उघडणारा आणि बंद करणारा हा सरकारी माणूस. हा पळसदेवकडचा मुसलमान गृहस्थ होता, अंगाने किरकोळ, अंगात खाकी सदरा. दादालाही त्याची तोंडओळखच होती. दादाने त्याला हाक मारून पान दिले आणि आवाज उतरवून एकदम विषयाला हात घातला.

“येवडं काम करा माझं. आत डोकावून म्हातारीला सांगा, पाळी सुटली म्हून.”

“आवं आबा, कशी सुटंल? अजून वरल्या फाट्याचंच चाललंय.”

“मला ठावं हाय वो. तिच्या समाधानाला सांगायचं. तुमी सरकारी मानूस, तुमचं पटंल तिला.”

“सरकारी हाय म्हून तर! खोटं बोलल्याचा येगळा पगार न्हाय मला.” त्याने पान दाढेखाली सारले आणि क्षणभर घराकडे पाहिले. “बरं, चला. माझी बी आय हाय पळसदेवाला. ती बी कशापायी ना कशापायी हाका मारीत बसती.”

खोटे बोलून रोग्याला समजवावे की नाही, याविषयी एरवी माझ्याजवळ पुष्कळ विचार होते. त्या वेळी मी पथारी ओढून त्याला वाट करून दिली. पाटकरी उंबऱ्याशी उभा राहिला. मला त्याची पाठ दिसत होती.

“आजी!” तो मोठ्याने म्हणाला. “सुटली बरं का पाळी! पानी आलं फाट्याला!”

त्यावर आतून घशातला एक आवाज आला, तो रडण्याचा नव्हता. पाटकरी दादाकडे वळून म्हणाला, “मान हालवत्यात वो. न्हाय म्हनत्यात.”

“सुटली,” आई म्हणाली.

“मी बी त्येच म्हंतोय की आजी, सुटली.”

पुन्हा तोच घशातला आवाज. आता त्यात राग होता. पाटकऱ्याने डोके खाजविले. नवा माणूस, घरात कोणाला काय ठाऊक आहे याचा त्याला पत्ता नव्हता. तो अगदी सहज, एखाद्या मुलाला विचारावे तसे म्हणाला, “मग आजी, पाळी न्हाय, तर काय सुटली?”

हा प्रश्न इतक्या दिवसांत तिला कोणीही विचारला नव्हता.

“गळा दावत्यात,” पाटकरी म्हणाला. “तान लागली आसंल.”

दादा लगबगीने तांब्या घेऊन आत गेला. लगेच तांब्या जमिनीवर पडल्याचा आणि पाणी सांडल्याचा आवाज झाला. “आता गं काय तुला पायजे?” दादा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रडू आले होते.

“पानी नगं त्यास्नी,” पाटकरी म्हणाला. “डाव्या हातानं आसं करत्यात. आसं, बगा.” आत दादा खाली वाकून तांब्या उचलीत होता, म्हणून पाटकरी मजकडे वळला आणि मला दाखविण्याकरिता त्याने अंगठा व बोट जुळवून स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली.

त्या परक्या माणसाच्या गळ्यावर मी माझ्या आईचा हात पाहिला. आण घातली, की घालणाराने ‘सुटली’ म्हणावयाचे असते. मग ती सुटते. हे आमच्याकडे खेळणारी मुलेसुद्धा जाणतात. मी शब्दांचा अर्थ सांगून पोट भरणारा माणूस, आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. आई रोज पहाटेपासून आपली आण सोडवीत होती. माझे नाव घेण्यास तिच्याजवळ शब्द उरला नव्हता, आणि तिने जोडून जोडून काढलेल्या त्या एका शब्दाला तिचा थोरला मुलगा रोज “न्हाय सुटली” म्हणत होता.

मी ओट्यावरून ओरडलो. वर्गात किंवा उपासनेत माझा आवाज कधी तसा निघाला नाही. “आय! मी हाय, आय! माझी आन सुटली?”

“सुटली,” आतून आले. आणि पुन्हा, “सुटली. सुटली.” जिभेवरचा दगड तसाच होता, पण तो शब्द मी माझ्या दोन कानांनी ऐकला, आणि यावेळी त्याचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज पडली नाही.

दादा रिकामा तांब्या हातात धरून दारात येऊन उभा राहिला. “आनि मी रोज न्हाय म्हनत व्हतो,” तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. मग माझ्यावर एकदम खेकसला, “आता का बसलाईस दगडावानी? ऐकू आलं न्हवं? ये की आत!”

“म्हंजी पाळी न्हवंच व्हय ती?” पाटकरी म्हणाला, आणि घाईघाईने बाजूला सरकला. “या पावनं, या. मी आपला मधीच हुबा.”

मी आत गेलो. उंबरा ओलांडताना काय वाटले हे लिहावे असे वाचकांना वाटत असेल, पण मला एवढेच आठवते की जमीन सांडलेल्या पाण्याने ओली होती आणि माझा पाय घसरला. आईचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते. तिने डावा हात माझ्या तोंडावरून, डोक्यावरून फिरविला. मी घरातून गेलो तेव्हा माझे केस काळे होते, ते आता कसे झाले आहेत हे जणू बोटांनी पाहून घेतले. मला वाटले होते की अशा वेळी मी मोठ्याने प्रार्थना करीन. मी म्हणालो ते इतकेच, “व्हय, आय. सुटली.” हे ऐकून तिने डोळे मिटले, आणि दादाच्या म्हणण्याप्रमाणे दुखणे आल्यापासून पहिल्यांदाच ती भर दिवसा शांत झोपी गेली. बाहेर येऊन पाहतो तो पाटकरी आपल्या वाटेने निघून गेला होता. पुढे मी त्याला भेटावयास गेलो, तेव्हा त्याची बदली झाल्याचे कळले.

आई त्यानंतर काही महिने होती. मी रविवारची उपासना आटोपून जमेल तेव्हा जात असे आणि आत तिच्या बाजेशी बसत असे. शेवटपर्यंत तिच्याजवळ तो एकच शब्द राहिला. भूक लागली तरी सुटली, उशी सरकली तरी सुटली, वहिनीचा राग आला तरीही सुटलीच. दादाने मात्र उत्तर बदलले होते. “व्हय आय, सुटली,” असे तो आधी म्हणे आणि मगच तिला काय हवे ते हुडकू लागे. या हकीकतीतून सारे गोड झाले असे कोणी समजू नये. आई किंवा दादा प्रभूच्या मंडळीत आली नाहीत, आणि त्या घरात मला पाणी देण्याचा पेला आजही वेगळा असतो. ती गेली तेव्हा मी बारामतीत वर्गावर होतो.

तिची सारी वाचा जावी आणि हाच एक शब्द राहावा, याचे कारण डॉक्टर काही वेगळे सांगतील, आणि ते खरेही असेल. मला त्याविषयी वाद घालावयाचा नाही. बांधण्याचा आणि मोकळे करण्याचा अधिकार प्रभूने माणसांच्या स्वाधीन केला, असे आपण शास्त्रात वाचतो. मी ते शिकवीत आलो, पण तो अधिकार एका मातीच्या घरात, अर्ध्या लुळ्या जिभेवर, इतका जड होऊन बसलेला असेल असे मला कधी वाटले नव्हते. त्या दिवसांत मी माझ्या बाजूने काही करू शकलो असतो तर बहुधा केले असते, आणि बिघडविले असते. मला बाहेर बसविण्यात आले. माझे शब्द संपू देण्यात आले. मोकळे करणारा शब्द मी उच्चारावयाचा नव्हता, तो मला ऐकावयाचा होता. आणि तो मी येण्याच्या कितीतरी आधीपासून आतून उच्चारला जात होता. कृपा म्हणतात ती याहून वेगळी काही असेल तर ती मला ठाऊक नाही. त्या अनोळखी माणसाच्या तोंडी तो साधा प्रश्न ज्याने घातला, त्याचे उपकार मानण्यास माझ्याजवळ आजही पुरेशी भाषा नाही.

शाळेची प्रार्थना अजून माझ्याकडेच आहे. ती पूर्वीपेक्षा लहान झाली आहे, आणि मधे मधे मी थांबतो, तेव्हा मुले एक डोळा उघडून माझ्याकडे पाहतात. थकवा गेला असे नाही. पण आपण बोललो ते कोठेतरी जाऊन पडते, कोणाच्या तरी पायात अडकते किंवा कोणाला तरी आत घेते, याचा धाक आता मला वाटतो, आणि त्या धाकाबद्दलही मी देवाचा ऋणी आहे. आईला तो शब्द उच्चारण्यास किती वर्षे लागली आणि किती थोडी जीभ उरली असता तो उच्चारावा लागला, हे मी पाहिले आहे. म्हणून, वाचणारा कोण आहे हे ठाऊक नसतानाही, भीत भीत एक विचारतो. आपण कोणाला काही बोलून बसला आहात काय, जे परत घेणे आज आपल्या जिभेला अजून शक्य आहे?